पाट्या वाचणारी

मूकपट म्हणायचे त्याला.
आमच्या गावात तो कधीच मुका नव्हता.

लँकेशरमधलं नेल्सन. स्केटिंगचा जुना हॉल,
भिंतीवर चुना फासून केलेला पडदा.
जॅमच्या दोन रिकाम्या बरण्या दिल्या की पोरांना आत सोडत.
मी बरण्यांशिवाय जायचे.
झिला हार्ग्रीव्हज मला शेजारी बसवायची,
कारण पाटी आली की वाचणार कोण?
"अक्षरं म्हणजे मला उंदराच्या लेंड्या," म्हणायची.
मग मी, नऊ वर्षांची, खणखणीत वाचायचे:
'प्राणनाथा, माझी घटका भरली. मुलांना सांभाळा.'

आणि झिला खो खो हसायची.
मागची सबंध रांग हसायची, सगळ्या मागावरच्या बायका,
केसांत कापसाचा भुसा तसाच.
पियानोवर मिस क्लेग बिचारी रडका सूर धरून,
आणि पडद्यावर बाई मरतेय.
"अगं, ती काय म्हणतेय ठाऊक आहे?
मेल्या, माझ्या केसांवर पाय दिलायस तू!"

चारशे मागांच्या खडखडाटात ज्यांचा जन्म गेला
त्यांना कान हवेत कशाला.
शेडमध्ये आवाज पोचत नाही, ओठ पोचतात.
कुणाला दिवस गेलेत, मुकादम कुठवर आलाय,
सगळं ह्या टोकाचं त्या टोकाला, घशातून हूं न काढता.
धोट्याच्या डोळ्यातून ओठांनी सूत ओढून ओढून
झिलाचे पुढचे दात झिजले होते.
तिकडे लंडनकडे, काचेच्या छपराखाली,
राजपुत्र काय पुटपुटतो, ऊन गेलं म्हणून कोण शिव्या घालतं,
नटांना वाटायचं कुणाला कळतंय?
नेल्सनला कळत होतं. दर शनिवारी.

सोळा सालच्या मार्चात ऑपरेटर थ्रेलफॉलनं
स्टेशनावर तिकाटणं लावून स्वतः हँडल फिरवलं.
पलटणीत निघालेली गावची पोरं.
'या आणि आपला माणूस ओळखा' असा कागद दारावर.
आम्ही गेलो, ओळखला. झिलाचा एनॉक, टोपी तिरकी.
टाळ्या, शिट्ट्या, संत्र्याच्या साली.

ऑगस्टात तिच्याकडे पत्र आलं. ते मीच वाचलं.

त्यानंतरच्या मंगळवारी, खेळ सुटल्यावर,
तिनं थ्रेलफॉलला काय सांगितलं कोण जाणे.
हॉल रिकामा. मिस क्लेग घरी गेलेली.
सवयीनं मला घेऊन बसली ती,
आणि त्या फितीत तर पाटी एकही नव्हती.

एनॉक गर्दीतून पुढे येतो,
कॅमेऱ्याच्या बाजूला बघतो, टोपी काढतो,
काहीतरी म्हणतो. दोन शब्द, फार तर तीन.
मागचा पोरगा त्याला ढकलतो.
"पुन्हा," झिला म्हणाली.
थ्रेलफॉलनं फीत गुंडाळली, पुन्हा लावली.
चार वेळा.
दर वेळी तिचे ओठ हलले, जरा उशिरा,
तोवर तो चौकटीबाहेर गेलेला असायचा.

"काय म्हणाला?" मी विचारलं.
तिनं मला पेपरमिंटची गोळी दिली.

तेराव्या वर्षी मीही शेडमध्ये गेले.
फीत तोवर भंगारात गेली होती,
धुऊन चांदी काढतात म्हणे त्यातली, चमचाभर.
पहिलं वर्षभर मी नुसती बहिरी,
मग कधीतरी तोंडं उमगू लागली,
पोहणं येतं तशी, आपोआप.

एका दुपारी सूत तुटलं, मी वाकले,
आणि काही कारण नसताना एनॉकचं तोंड समोर आलं,
टोपी हातात, तसंच, हललं,
आणि मला वाचता आलं.
*बूट चावतायत गं.*

तिचंही आलं मागोमाग, त्या उजेडातलं.
*घालून घालून सैल होतील.*

मी वर पाहिलं.
सहा माग पलीकडे झिला उभी,
माझ्या तोंडाकडे बघत.
मी ओठ दातांखाली घट्ट धरले.