नाव सापडलं नाही

कुताइसीत, रिओनीच्या पुलाअलीकडे,
तिसऱ्या मजल्यावर, रात्री पावणेदोनला
त्सिसाना एका आज्ञेचं माहितीपान जॉर्जियनमध्ये उतरवते आहे.
आज्ञा साधीच : फायलीतल्या ओळी उलट्या क्रमानं छापते.
काम एवढंसं, माहिती सात पानं.

पहिलं शीर्षक, नाव.
ती आपल्या लिपीत लिहिते : साखेली.
सहा अक्षरं, गळासारखी वाकडी, एकमेकांत न अडकणारी.
मांडणीचं साधन पान चाळतं आणि कळवतं :
'नाव हा विभाग सापडला नाही.'

अरे, समोर आहे की!
पहिल्याच ओळीत, ठळक.
पण त्याला चारच इंग्रजी अक्षरं ठाऊक,
तीही त्याच क्रमानं, त्याच उंचीची हवीत.
दुसरं कुठलंही नाव त्याच्या लेखी
नुसता मजकूर.

तिचे वडील बिचिको ट्रकच्या कारखान्यात फिटर होते.
दुरुस्तीचं पुस्तक रशियन, माणसं इथली.
ते समासात पेन्सिलीनं शीर्षकं लिहायचे,
'ब्रेक', 'गळती', एके ठिकाणी 'इथे हात घालू नये, मी घातला'.
पुस्तक सरकारी आहे, साहेब म्हणाला, खोडा.
त्यांनी खोडलं.
पान तिरकं धरलं की वळ अजून दिसतात.
आता तिचा पडदा त्या पुस्तकावर टेकवलेला असतो,
मान दुखू नये म्हणून.

ती साधनाचं पोट उघडते.
एक लहानसं कोष्टक जोडते :
ही भाषा असेल तर नावाला हे म्हण,
वापराला हे, पर्यायांना हे.
अकरा ओळी.
पुन्हा चालवते. आता तक्रार नाही,
पण शीर्षकाच्या जागी सहा चौकटी,
भाडेकरू न मिळालेल्या खोल्यांसारख्या.
शीर्षक दिसलं की ते मोठ्या अक्षरांत चढवायचं,
ही साधनाची जुनी खोड.

ऊलूच्या वेइक्कोला ती लिहिते
(साधन तो सांभाळतो, पगाराशिवाय, चौदा वर्षं) :
आमच्या रोजच्या लिखाणात थोरली-धाकटी अक्षरं नाहीत.
राजा आणि राजाचं खेचर एकाच उंचीनं लिहितो.
कृपया आम्हाला उचलू नका.

नवव्या दिवशी उत्तर :
'घेतलं. उचलणं बंद केलं.
पण "चुका" या विभागाला तुमच्यात काय म्हणतात?
ती ओळ तू गाळलीस.'

खरंच गाळली होती.
शेत्स्दोमेबी, ती लिहिते, आणि एकटीच हसते.

सगळं ठीक असलं की हे साधन काही बोलत नाही.
तरी ती थोडा वेळ थांबते,
कुणी दार वाजवून गेलंय की काय, अशी.
मग शेवटच्या शीर्षकाशी येते : हेही पहा.
त्याखाली चार पानांची नावं.
चारातलं एकही अजून
तिच्या भाषेत नाही.
चहा निवलाय.
ती पहिलं उघडते.