टाळी

नव्वद वर्षांपूर्वी निघालेला उजेड
माझ्या लॅपटॉपवर एक खळगा होऊन बसलाय.
निघाला तेव्हा सांग्याला रेजिदोर होता
आणि माझा आजा अजून चालायला शिकत होता.

ग्रह ताऱ्यासमोरून गेला, चार तास.
जाता जाता त्या उजेडातून
चिमूटभर तांबडं कुणीतरी उचलून नेलं.
मिथेन असावा.
असावा. आमच्या धंद्यात 'आहे' फार महाग,
उभ्या आयुष्यात एखाद्यालाच परवडतं.

सुट्टीला आले ती रेंज नसलेल्या गावात.
कुष्टामामा म्हणाला, चल, तळी दाखवतो तुला,
जशी काय मी ती पाहिलीच नव्हती,
जसा काय शाळेचा डबा मी तिथंच धूत नव्हते.

नेत्रावळीत, गोपीनाथाच्या देवळाशी,
चिऱ्याच्या पायऱ्या पाण्यात उतरतात.
खाली वाळू. वाळूतून बुडबुडे,
एक, मग तीन,
मग भाताला आधण आल्यासारखे.

मामानं टाळी वाजवली.
तळीनं ऐकली म्हणे.

लहानपणी आम्ही सगळेच वाजवायचो.
बुडबुडे वाढले की देव हसला,
नाही वाढले तर वाजवणाऱ्याच्या पोटात पाप.
माझ्या पोटात पुष्कळदा असायचं.
पण टाळी न वाजवता
तेवढाच वेळ कुणी कधी मोजला नाही.

मी मोजला.
दहा मिनिटं टाळ्या, दहा मिनिटं गप्प,
वहीत दोन रकाने.
मामा वरच्या पायरीवर बिडी ओढत बसला.
त्याला असल्या कामाची सवय आहे:
रिवणच्या खाणीवर तेहतीस वर्षं
ड्रिलच्या नळीतली माती तो पेट्यांत मांडायचा,
बोटांत चोळून सांगायचा लोखंड किती.
लॅबचा आकडा दोन दिवसांनी यायचा, बहुतेक तोच.
एकदा चुकला.
तो अजून त्या एकदाचंच सांगतो.

मध्येच एक मासा माझ्या टाचेची कातडी खाऊ लागला.
पाय झटकला, पाणी ढवळलं,
तो अख्खा मिनिट वाया.
वहीत लिहिलं: मासा. नोंद बाद.

टाळ्यांचे एकशे बारा.
गप्पचे एकशे नऊ.

मामा म्हणाला, वायू कसला गो हा?
म्हटलं, चिखलात पानं कुजत असतील,
कुजवणारं काहीतरी जितं असेल खाली.
किंवा नुसता खडक.
भेगेत पाणी शिरतं, खडक उसासा टाकतो,
त्यासाठी त्याला जिवंत असावं लागत नाही.
तिकडच्या खडकाशी आमचं हेच भांडण आहे, मामा.
आम्ही विचारतो, कोण आहे?
आणि तो श्वास घेतल्याची नक्कल करतो.

'मग तिथं टाळी कोण वाजवतं?'

कुणी नाही. तिथं फक्त पायरीवर बसायचं.
वर्षातून दोनदा ग्रह समोरून जातो,
दुर्बीण आमच्या वाट्याला त्यातल्या एकदाच,
आणि त्या रात्री कुठल्यातरी यंत्राला
शिंक येते.

त्यानं बिडी चिऱ्यावर विझवली,
थोटूक खिशात ठेवलं. तळीत टाकत नाहीत.
पुजाऱ्याचा मुलगा समईचं तेल घेऊन गेला.
पाण्यात आमच्या दोघांची डोकी,
त्यांच्या मधून बुडबुडे वर येऊन फुटत होते,
कधी माझ्या कपाळावर, कधी त्याच्या.

'आसा काय ना?' मामानं विचारलं.
तळीचं विचारलं की तिथलं, कळलं नाही.
म्हटलं, अजून रात्री लागतील.
'लागूं दी,' म्हणाला,
जसं लॅबचा आकडा यायचा असताना म्हणायचा.

मग गुडघ्यावर हात टेकून उठला,
तळव्यांना चिऱ्याची तांबडी धूळ लागली होती
ती झाडायला
हात एकमेकांवर दोनदा आपटले.

वाळू हलली.
एकदम सात-आठ वर आले.

वही उघडी आहे.
हे कुठल्या रकान्यात लिहू?