आधी सुलाख, मग ताव

सातपूरच्या शेडमध्ये रात्री पावणेदोनला
भट्टीचा आकडा आठशे वीसवर थांबतो.
मी वहीत लिहिते: खडा चाळीस-ब,
निर्वात ठीक, पंपाचा आवाज जरा घोगरा.

चाळीस-ब म्हणजे तांदळाच्या कणीएवढा पिवळा चौकोन.
खाणीतला नव्हे. दाबाखाली, वितळलेल्या धातूतून वाढवलेला,
येताना हवेतला नायट्रोजन अंगात घेऊन आलेला.
सुरतेचा व्यापारी भिंग लावून म्हणाला असता, डागी.
आम्हाला डागच हवा असतो.

आईच्या बोलण्यात माणसं तावून सुलाखून निघायची.
इथे क्रम उलटा.
आधी इलेक्ट्रॉनांच्या झोताने सुलाखायचं:
कार्बनच्या जाळीतून कुठे कुठे एखादा अणू उडतो,
जागा तेवढी उरते.
मग ताव.

गार दगडात ती रिकामी जागा हलत नाही.
आठशेच्या आसपास चालायला लागते.
चालते म्हणजे काय, तर शेजारचा कार्बन तिच्यात सरकतो
आणि ती त्याच्या घरी.
अशी फिरत फिरत नायट्रोजनच्या दाराशी पोचली
की थांबते.
भरत नाही. नुसती शेजारी बसते.
आणि एवढ्यावर
हिरव्या लेझरखाली दगड लाल उजळतो,
सटाण्याच्या डाळिंबाचा दाणा उन्हात धरावा तसा.

तांबट गल्लीत दादा तांब्याला ताव द्यायचे.
ठोकून ठोकून घागरीचा गळा ताठरला
की लाल करायचा, पाण्यात सोडायचा, चर्र.
ठोके सोसायला तांबं पुन्हा मऊ.
ठोक्यांनीच त्यांचे कान गेले.
दिवाळीत मी ओरडून ओरडून त्यांना सगळं सांगितलं.
त्यांनी एवढंच विचारलं,
"जास्त तापला तर?"

तापला, दादा. मार्चमध्ये.
गांगुर्डेंच्या पाळीत आकडा सोळाशेच्या पुढे गेला.
खडा फुटला नाही. कडा काळवंडली, ती आम्लात धुतली.
पण आतलं लाल विझलं होतं.
जोड्या सुटल्या, रिकाम्या जागा कुठे गेल्या कळलं नाही,
आणि एका कोपऱ्यात फिकट हिरवं काहीतरी जागं झालं.
निकेल. वाढवतानाच्या धातूतून आलेलं,
इतके दिवस गप्प बसलेलं.
पगारे सर म्हणाले, बॅच गेली.
गांगुर्डे त्या हिरव्याकडे बराच वेळ बघत राहिले,
चष्मा काढायचंही विसरले.

तीन वाजतात. भट्टी सावकाश उतरवायची असते,
घाई केली की तडा.
गेटवर दोन महिने पाटी आहे:
जागा भरणे आहे, भट्टी ऑपरेटर, आयटीआय पास.
अजून कोणी आलं नाही.
त्यांची खुर्ची मी भिंतीपासून ओढून
माझ्या खुर्चीला लागून ठेवली आहे.
वहीत याची नोंद नाही.