धडा

समुद्रपूरला समुद्र नाही.
तरी रोज सकाळी सव्वानऊला
आम्ही इथून जहाजांच्या बातम्या देतो:
कच्च्या तेलाचं पिंप, न्यूयॉर्कचा वायदा,
ब्राझीलमध्ये पाऊस बरा, म्हणून
आमच्या सोयाबीनचं तोंड उतरलेलं.

सुरुवात झाली गुणवंता भोयरच्या
मोबाईल दुरुस्तीच्या टपरीत.
मी तेव्हा बाजार समितीच्या फळ्यावर
रोजीनं भाव लिहायची. नवाला
एक पीळ जास्त द्यायची,
नवाचा एक वाचून कोणी परत फिरू नये म्हणून.
त्यानं फळ्याचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला.
अकरा माणसं. त्यातले दोन त्याचे साळे.
ग्रुप भरला की दुसरा, तो भरला की तिसरा,
बाविसाव्याला फोनच तापून बंद पडला.

नाव माझं. धडा.
रिकाम्या पारड्याचं वजन आधी फेडायचं,
माल नंतर.
गुणवंता म्हणाला, शाळेतला वाटते न बा.
म्हटलं, वाटू दे.

मग शब्दांची ओढाताण.
महागाई म्हणजे पाकीट तेवढंच, तेल कमी.
रेपो दर म्हणजे बँकेला उसनं कितीला पडते.
अस्वलाच्या बाजाराला मात्र मी अडून बसले:
आमच्याकडचं अस्वल मोहाखाली बसते,
कोणाचे पैसे बुडवत नाही.

गिरडच्या अंगणवाडीतून निरूपा मेश्रामचा आवाज आला,
मागं पोरं बाराखडी ओरडत होती:
'ताई, पाचशे टाकले होते, चारशे ऐंशी दिसते.
वीस कोणी नेले?'
मी तोच मथळा केला. वीस कोणी नेले.
त्या रात्री आम्हाला अकरा हजारांनी वाचलं
आणि पहिल्यांदा विजेचं बिल वेळेत भरलं.

बंगळूरहून दोघे आले, पांढऱ्या बुटांत.
जाम चौरस्त्यापर्यंत घ्यायला गेलो होतो.
पडद्यावर त्यांनी रेघ दाखवली,
खालून वर, वरून आणखी वर.
चहा आणणारा चंद्रभान कपबशा धरून पाहत राहिला.
'पऱ्हाटी तं मस्त वाढली,' म्हणाला,
'बोंडं कुठं हायेत?'
दोघे हसले. सही त्याच दुपारी झाली.

आता टपरीच्या जागी काचेचं दार आहे,
बत्तीस खुर्च्या, त्यातल्या एकोणीस फिरणाऱ्या,
पुण्यात एक खोली, तिथं कोणीतरी
माझ्या वाक्यांचे तुकडे करून
कोणता तुकडा जास्त दाबला जातो ते मोजतं.
चार लाख वापरकर्ते.
मी विचारलं, नावं?
म्हणाले, नावं लागत नाहीत.

आणि मग मार्गशीर्षातल्या एका रात्री
नवीन मुलानं एकाचा नऊ केला.
सात हजार एकशेचे सात हजार नऊशे.
सकाळी यार्डात तेवीस टेम्पो जास्तीचे,
एक थेट वरोऱ्याहून, डिझेल स्वतःचं.
कोणी ओरडलं नाही. तेच वाईट होतं.
एकानं फक्त मोबाईल माझ्यापुढं धरला,
मी लिहिलेलं पोरीनं वाचून दाखवावं, तसा.

पुण्याहून दुरुस्ती गेली, बारीक अक्षरात.
मला अकरा माणसांचे आवाज पाठ होते,
चार लाखांपैकी एकालाही
हाक मारता येईना.
फळा अजून होता, गोदामाच्या भिंतीला,
त्यावर कोणीतरी चप्पल सुकत घातली होती.
ती काढली. खडू चंद्रभाननं दिला.
लिहिलं: काल आम्ही चुकलो. नऊ नव्हता, एक होता.
खाली सही केली, कंपनीची नाही.

तिमाहीच्या बैठकीत
या गोष्टीला एक ओळ मिळाली.
रेघ त्या जागी जराशी वाकली होती,
पुढं सरळ.

काल निरूपाचा पुन्हा आवाज,
पोरं आता पाढ्यांवर आली आहेत:
'ताई, पाचशेचे पाचशे बारा दिसते.
हे बारा कोणाचे?'

अजून उत्तर दिलं नाही.