युग

स्मिल्यानाचा फोन येतो रविवारी, जेवणं आटोपल्यावर.
ये म्हणते. गोथेनबर्गला. आमच्याच इमारतीत
दोन खोल्या रिकाम्या होतायत जूनमध्ये,
ट्राम दाराशी थांबते,
आणि डॉक्टरीणबाई आपली भाषा बोलते.
कोणती आपली, मी विचारत नाही.

मी मोजपट्टी घेऊन घरभर फिरते.
कपाट जाणार नाही. शिवणयंत्र जाईल.
बाल्कनीतल्या लिंबाचं काय करायचं,
त्याला पासपोर्ट कुठला.
खाली रियेकाच्या बंदरात क्रेन उभ्या आहेत माना वर करून,
चाळीस वर्षांपूर्वी होत्या तशाच,
फक्त आता त्या काही उचलत नाहीत.

आणि मोजता मोजता तोंडात आलं ते गाणं.
'सातवा मजला'चं. कॅसेटची दुसरी बाजू, तिसरं.

त्र्याऐंशी साल असेल. गोदी कामगारांचा हॉल, शनिवार.
साखरेच्या पाण्याने उभे केलेले केस,
त्रिएस्तेहून अंगावर दोन-दोन चढवून आणलेल्या जीन्स.
वेसेल्को ड्रम वाजवायचा, दिवसा फ्रिज दुरुस्त करायचा.
आमचा दोनदा केला, बिघडलेला नसताना.
कीबोर्डवाला साराएवोचा,
गाणारा स्कोप्येचा, शब्दांची तोंडं गिळायचा.
आज या तिघांना एका स्टेजवर उभं करायचं
तर तीन पासपोर्ट लागतील.
तेव्हा एक व्हॅन पुरायची, तीही उसनी.

धृपद आलं की सगळा हॉल ओरडायचा:
कुठे आहेस, युग, कुठे आहेस!

युग म्हणजे दक्षिण, आमच्याकडे.
तिथून वारा येतो, ओला, डोकं जड करणारा;
म्हातारी माणसं त्या दिवसांत कशावर सही करत नाहीत.
मला वाटायचं, केवढा शहाणा मुलगा हा,
प्रेमाबिमाचं सोडून वाऱ्याला हाक मारतो.

मागच्या रविवारी फोनवर म्हणून दाखवलं.
स्मिल्याना एवढी हसली की तिकडे कप फुटला.
युग नाही गं बये. द्रुग!
मित्रा, कुठे आहेस.
माझ्या शेजारी उभी राहून
तू काय ओरडत होतीस एवढी वर्षं?

द्रुग.
शाळेत मास्तरांनाही तीच हाक मारायचो,
दुकानात, पोस्टात, परेडमध्ये.
मग एका हिवाळ्यात तो शब्द बाजारातून गेला,
तेल जातं, कॉफी जाते, तसा.
तेल परत आलं.

त्याच हिवाळ्यात स्मिल्यानाने
पत्रपेटीवरचं आपलं आडनाव खरवडून काढलं,
आणि महिन्याभरात एक बॅग घेऊन गेली.
मी स्टेशनवर गेले नाही.
कामावर होते, असं तिला सांगितलेलं आहे.

एकतीस वर्षं हिशेब जुळवायची नोकरी केली मी,
हा मात्र जुळत नाही:
त्या हॉलमध्ये चारशे जण मित्राला हाक मारत होते
आणि मी एकटी एका दिशेला.
कुणाला फरक कळला नाही,
इतका मोठा होता तो आवाज.

तिकडे जूनमध्ये रात्र होतच नाही म्हणते.
मी विचारलं, वारा कुठून येतो?
सगळीकडून, ती म्हणाली. टोपी आण.

मोजपट्टी अजून उघडीच आहे टेबलावर.
लिंबाची कुंडी: बावन्न सेंटीमीटर, फांद्या सोडून.
मी गाणं पुन्हा म्हणून पाहते, बरोबर शब्द घालून.
चालीत बसतो तो. नीट बसतो.
पण तोंडाला सवय नाही;
दुसऱ्या ओळीला पुन्हा
युगच येतं.