घेटुळी, नमुना क्रमांक सतरा

जालन्याच्या जुन्या एमआयडीसीत
भट्टीच्या भिंतीला धरून घेटुळी पसरते,
ट्रक अंगावरून गेला तरी
दुसऱ्या दिवशी तिथंच.
देठ तांबडे, फुलं बाजरीच्या दाण्याएवढी.
पुस्तकात नाव पुनर्नवा.
केवळाबाई नुसतं सुजीचा पाला म्हणते.

तिच्याच पाटीतून घेतला मी नमुना,
बाजारात, दहाला जुडी.
पावती मागितली तर म्हणाली,
"पाल्याची पावती? काहून गं बाई,
खटला भरायचाय का कुनावर?"

प्रयोगशाळेत तीन पाण्यांनी धुतली.
धूळ गेली, हिरवं राहिलं.
वाळवली, कुटली,
साडेचारशे अंशांवर राख केली,
राख आम्लात विरघळवली.
एवढं करूनही जे मरत नाही
तेच आम्ही मोजतो.

दहा लाखांत दहा भाग शिसं चालतं.
घेटुळीत एकोणतीस.
पुन्हा केलं. तीस.
तिसऱ्यांदा केलं नाही,
सर म्हणाले, गॅस महाग आहे.

खरं सांगते, मला आनंद झाला होता.
आकडा मोठा आला की पेपर छापून येतो.

वाटायचं, विष प्यालेलं झाड
पिवळं पडत असेल, मान टाकत असेल.
ही तर शेतातल्या घेटुळीहून टवटवीत.
मुळानं पाणी मागितलं,
पाण्यासोबत जे आलं
ते तिनं ठेवून घेतलं,
कुठून आलास, असं न विचारता.

चंदनझिऱ्याच्या पुढं, पत्र्याच्या दोन खोल्या.
सांगायला गेले तेव्हा केवळाबाई
जुड्या बांधत होती, केळीच्या सोपटानं.
"शिसं?" म्हणाली.
"ते तर आमच्या घरचंच."

आश्रुबा, तिचा मालक,
अकरा वर्षं जुन्या बॅटऱ्या फोडायचा
त्याच भिंतीच्या आतल्या अंगाला.
हिरडीवर निळी रेघ,
जशी वहीच्या समासाला असते.
पोटात मुरडा. मनगटं लुळी,
तांब्या सुटायचा हातातून.
मग पायांवर सूज चढली.

"मग म्या ह्योच पाला दिला.
लांबून कशाला आनू,
भितीला लागूनच लई होता.
सकाळच्याला वाटी, सांजच्याला वाटी.
कडू लागतो म्हनायचा, तरी प्यायचा,
माझ्या हातचा म्हनून."

दोरी दातात धरून तिनं गाठ मारली.
नंतर बराच वेळ दुसरी जुडी उचलली नाही.
बाहेर कुणीतरी सळया उतरवत होतं,
एकेक सळई जमिनीवर पडताना
खोलीतली भांडी हलत होती.

"तुह्या मशीनीवर कळतं का गं,
एका वाटीत किती गेलं आसंल?"

कळतं.
पानापासून वाटीपर्यंतचं गणित सरळ आहे,
वाटीपासून दोन वर्षांपर्यंतचंही.
वही पिशवीतच होती.
मी म्हणाले, नाही मावशी,
तेवढं नाही कळत.

तिनं माझ्याकडं पाहिलं,
जुनी गिऱ्हाइकं घासाघीस करतात
तेव्हा पाहत असेल तसं.

"मंग आता कुठला तोडू?"
मी म्हणाले, लांबचा, शेताच्या बांधावरचा.
"बांधावर तननाशक मारत्यात," ती म्हणाली,
आणि हसलीसुद्धा.

निघताना पाटीच पुढं केली.
"शेळीला टाकावं तर शेळी आपलीच.
जाळावं तर धूर बी आपल्याच दारात.
तूच ठेव."
पैसे घेतले नाहीत.

पाच जुड्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून
प्रयोगशाळेच्या कपाटात,
अठरा ते बावीस.
कुठंच टाकता येत नाहीत.

लेबलवर तारीख, ठिकाण, स्थानिक नाव,
आणि खाली एक रेघ असते,
गोळा करणाऱ्याच्या नावासाठी.
सतराव्यावर तिथं
मी माझं नाव लिहिलं होतं.