सातवा प्रश्न

न्यू बेडफर्ड. जानेवारी. मासळीच्या कारखान्याच्या
जेवणघरात सकाळी सहाला मी पडदा टांगते.
पडदा म्हणजे चादर, मॅनेजरने दिलेली,
कोपऱ्यावर कुठल्याशा मोटेलचं नाव.

एकेचाळीस जण. रबरी बूट, केसांवर जाळ्या.
मोजे काढले तरी बोटं गोठलेलीच,
पेन्सिलसुद्धा सुरीसारखी धरतात.
मी इंग्रजीत बोलते, डोमिंगा ते किचेत नेते,
आणि ज्या शब्दाचे मला तासावर पैसे मिळतात
नेमकी त्या शब्दाशी अडते.
मग काय म्हणाली कोण जाणे,
पण बराच वेळ बोलली. मागच्या टेबलावर कुणीतरी
थर्मासचं घट्ट झाकण
पुन्हा घट्ट केलं.

चित्रफितीत ऑफिस आहे. कुंडीत रोप आहे.
तिथला वाईट माणूस ओळखायला सोपा,
टाय लावतो, दात दाखवतो.
इथे टाय कुणीच लावत नाही.

बेल्मिरो आरुडा, तिसऱ्या पट्ट्याचा मुकादम.
खुर्च्या मांडायला तोच आला आपणहून.
माझ्यासाठी कॉफी आणली. साखर दोन चमचे.
विचारून.
वंश, वर्ण, धर्म, लिंग, वय, मूळ देश,
कायद्यातली सगळी कलमं त्याने एका दमात म्हटली,
पाढे म्हणावेत तशी.
मी म्हटलं, शाब्बास.
हे मी म्हटलं.

आता गाडीत बसून पेपर तपासते आहे.
हीटर फक्त पायांवर चालतो. काचेवर मीठ.
बेल्मिरो: दहापैकी दहा.

सातवा प्रश्न मीच तयार केलाय, नऊ वर्षांपूर्वी:
काम करताना मागून जाणारा माणूस
वारंवार तुमच्या अंगाला लागतो. तुम्ही काय कराल?
पर्याय चार. बरोबर उत्तर: अ, लेखी तक्रार.

तिसऱ्या पट्ट्यावरच्या बायकांनी
पर्यायांना हातच लावलेला नाही.
खाली, समासात, मोडक्या स्पॅनिशमध्ये:
*कोपर बाहेर काढून उभी राहते.*
*दोन स्वेटर घालते.*
*मोठ्याने खोकते, म्हणजे पलीकडचीला कळतं.*
*आम्ही तासातासाला जागा बदलतो,
सारखं एकीलाच नको.*
एकीला लिहिता येत नसावं. तिने चौकटीत
पट्टा काढलाय. पट्ट्यापाशी सात काड्या.
मागे आठवी काडी, टोपी घातलेली.

माझ्या यादीप्रमाणे सगळं चूक.
विचारलं होतं, काय कराल.
यांनी सांगितलं, काय करतो.
काळ चुकला.

तक्त्यात रकाने तीनच: हजर, पास, नापास.
नापासांना पुढच्या गुरुवारी पुन्हा हीच चित्रफीत,
तेच रोप, तोच टाय,
आणि दोन तासांचा पगार गेला.
शुक्रवारपर्यंत तक्ता मॅनेजरकडे. मग माझा चेक.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात,
त्यात दाबणारा हात कुणाचा, हे कुणी विचारत नाही.
माझ्या हाताला लाल पेनाची शाई आहे.

भिंतीवरच्या पोस्टरावरचा नंबर मला पाठ आहे.
चार आकडे दाबले आणि थांबले.
काय सांगणार होते मी? कुणाच्या वतीने?
सात काड्यांना न विचारता
मी त्यांच्या मागून जाणारी आणखी एक.

डोमिंगाला फोन लावला. तीनपर्यंत थांबशील?
पैसे कोण देणार, तिने विचारलं.
मी, म्हटलं. मग ती काही बोलली नाही,
आणि तिने फोनही ठेवला नाही.

कागदांवर एवढंच केलं:
सातव्या प्रश्नासमोर, सातही जणींच्या,
लिहिलं, बरोबर.
या शब्दाचा दुसरा अर्थ माझ्या मनात नव्हता,
लिहिल्यावर दिसला.

तीन वाजता दार उघडलं. वाफ आली, मग माणसं.
बायका बाहेर पडल्या, जाळ्या खिशात,
मोकळ्या केसांच्या,
आणि सकाळचे दोन तास मी ज्यांच्याशी बोलत होते
त्यातली एकही
मला ओळखता येईना.